कॅनॉलची माती आणि आपलं तळं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात वळवाचा एक पाऊस झाला आणि कॅनॉलच्या चालू कामावरची माती ओढ्यातून थेट आपल्या पाझर तलावात येऊन पडली. तेव्हापासून चावडीवर, एसटीत, पिठाच्या गिरणीत मला तेच ते प्रश्न विचारले जातात. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि काही वर्षांपासून तलावावरच्या बेडकांची, चतुरांची नोंदवही ठेवतो. इंजिनिअर नाही. तरी जेवढं ठाऊक आहे ते एकदाच लिहून काढतो, म्हणजे गिरणीत माझं दळण मागे पडायचं नाही.

ओ मास्तर, माती काय, दोन दिवसांत खाली बसंल की. त्याचं एवढं काय?

वाळू बसते. चिकणमाती बसत नाही, सगळा घोळ तिथेच आहे.

पावसाच्या दुसऱ्या दिवशी, ओढा तलावाला मिळतो तिथलं लिटरभर पाणी मी रिकाम्या बाटलीत भरून आणलं आणि घराच्या खिडकीत ठेवलं. चहा होईपर्यंत तळाशी बोटाच्या पेरभर रेती बसली होती. संध्याकाळी तिच्यावर पोयट्याचा, म्हणजे वाळूहून बारीक पण चिकणाहून जाड मातीचा, मऊ करडा पट्टा आला. त्यावरचं पाणी मात्र आठवडा उलटला तरी दूध घातलेल्या चहासारखंच होतं. बायकोने दोनदा ती बाटली ओतून द्यायला घेतली, दोनदा वाचवली.

यामागे साधा हिशोब आहे. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण शांत पाण्यात मीटरभर खाली जायला साधारण दोन मिनिटं घेतो. चिकणमातीचा कण २ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक असतो. २ मायक्रॉनच्या कणाला तेवढंच अंतर कापायला तीन दिवसांहून जास्त लागतात, तेही वारा नाही, म्हशी नाहीत असं धरून. शिवाय आपल्या काळ्या मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. ते एकमेकांना लोटतात, गोळा होत नाहीत, म्हणून तरंगत राहतात.

एका पावसात एवढी माती आली कुठून?

कॅनॉलची खोदाई, दोन्ही बाजूंचे भराव आणि सर्व्हिस रोड मिळून तीस मीटर रुंदीचा पट्टा धरा. त्याच्या एका किलोमीटरमध्ये तीन हेक्टर जमीन उघडी पडते. तीन हेक्टरवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे १५ लाख लिटर पाणी. निम्मं मुरलं असं मानलं तरी दहा हजार लिटरचे ७५ टँकर वाहून निघाले. लिटरमागे दहाच ग्रॅम माती धरली तर साडेसात टन होते. हे एका किलोमीटरचं गणित झालं.

आता ती सुटते कशी ते बघा. वळवाचा टपोरा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने येतो. गवत असेल तर ते मार खातं, नसेल तर ढेकूळ फुटतं आणि कण उडतात. आधी अख्ख्या उतारावरून पातळ थर निघून जातो, त्याला कृषीवाले सालकाढी धूप म्हणतात. मग बोटाएवढे ओघळ पडतात, ओघळांना ओघळ मिळून घळ होते. आपल्याकडे भरावाच्या तोंडावर गुडघाभर घळ एका तासात पडली. तिथे ओढ्यावरचं सीडी वर्क, म्हणजे कॅनॉलखालून ओढ्याचं पाणी काढून देणारं बांधकाम, अर्धवट होतं आणि ओढा भरावाने बुजवलेला. पाण्याने आपली जुनी वाट शोधली, वाटेतली माती उचलली. त्याचा दोष पाण्याला कसा देणार?

पूर्वी पण पावसाळ्यात तलाव गढूळ व्हायचाच की.

व्हायचा, आणि होणारच. सोलापुरात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मोजक्या दिवसांत दणकून पडणारा. इथले जीव गढुळाला सरावलेले आहेत. मरळ मासा तर वर येऊन हवेतूनच श्वास घेतो.

फरक वेळेचा आणि मातीचा आहे. शेतातून येते ती वरची माती, तिच्यात काडीकचरा आणि शेणखत असतं. कॅनॉलच्या खोदाईतून येते ती खालची, नुसता मुरूम, चुनखडी आणि चिकण, खाण्यासारखं काही नाही. आणि ती आली मेमध्ये, जेव्हा तलावात मधोमध कमरेएवढं पाणी उरलेलं असतं आणि कडेचा सगळा तळ उघडा पडलेला असतो. त्या भेगाळलेल्या तळात पाणपिसवांची आणि असल्या सूक्ष्म जिवांची टिकाऊ अंडी सुप्त पडून असतात. पाणी आलं, उजेड मिळाला की फुटतात. त्यांच्यावर वीतभर चिकण चढला तर अंधारात, प्राणवायूविना ती तशीच पडून राहतात. पेरलेल्या रानावर ट्रॅक्टरभर माती ओतावी तसं.

हे फक्त वळवातच होतं का?

नाही. परतीचा पाऊस जास्त वाईट. ऑक्टोबर २०२० आठवा. बंगालच्या उपसागरातलं डिप्रेशन १३ तारखेला आंध्रच्या किनाऱ्यावर चढलं आणि तेलंगणातून १४ तारखेला आपल्या डोक्यावर आलं. त्याच दिवशी पंढरपुरात घाटाची भिंत कोसळून सहा जीव गेले. एवढ्या पावसापुढे कुठलाच बांध शहाणपणा सांगू शकत नाही, पण तेव्हा निदान तलाव भरलेले असतात. भरल्या तलावात गाळ पसरतो, रिकाम्यात एका जागी साचतो.

तळ्यात आहे तरी काय? चिलापी आन् बेडूक!

हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांना मी एका रविवारी तलावावर घेऊन गेलो, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

पाणकणसाच्या काडीवर पाण्यापासून वीतभर उंचीवर एक वाळकी, पाठीत उकललेली कात चिकटलेली असते. ती चतुराची. आपण ज्याला पाऊस जवळ आल्याची खूण म्हणून ओळखतो, तो चतुर त्याआधी पाण्यात राहतो, तपकिरी, बुटका, सहा पायांचा. त्याचा खालचा ओठ घडी घातलेला असतो. डासाची अळी टप्प्यात आली की तो ओठ फेकतो आणि तिला ओढून घेतो. श्वास घेतो तो मागच्या बाजूने पाणी आत ओढून, कारण त्याचे कल्ले आतड्याच्या शेवटाला असतात. पोरं हे ऐकून पंधरा मिनिटं हसत होती. चतुराची चुलत बहीण टाचणी, तिच्या पिल्लाला शेपटाशी तीन पानांसारखे कल्ले असतात. चिकण या दोघांच्याही कल्ल्यांवर बसतो.

बेडकांचं तर वेळापत्रकच पावसावर. पिवळाधमक होऊन ओरडणारा डराव बेडूक पहिल्या मोठ्या पावसात अंडी घालतो. त्याच्या अंड्यांवर गाळाचा थर बसला की आत प्राणवायू पोचत नाही. आणखी एक नखाएवढा बेडूक आहे, पाठीवर नक्षी असलेला. त्याचे बेडूकमासे काचेसारखे आरपार दिसतात, पाण्याच्या वरच्या थरात तरंगतात आणि पाणी गाळून त्यातलं शेवाळ खातात. पाण्यात शेवाळाऐवजी माती असली तर तो मातीच गाळत बसणार. पोट भरतं, अंग भरत नाही. डराव बेडकाचे बेडूकमासे मात्र दुसऱ्यांचे बेडूकमासे खातात, त्यामुळे काही दिवस त्यांची चंगळ. नंतर खायला कुणी उरत नाही.

आणि शिंपला. तोही पाणी गाळूनच जगतो. गढूळ आलं की कवच मिटून बसतो. दोन-चार दिवस ठीक, तीन आठवडे मिटून बसला तर उपाशी मरतो. त्याची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना आणि पंखांना चिकटून वाढतात, म्हणजे मासे गेले तर शिंपल्यांची पुढची पिढीही गेली.

चिलापी टिकते. हे खरं आहे, आणि मला यात फारसा आनंद वाटत नाही.

मासे पहाटे तोंड वर काढत होते. कुणी औषध टाकलं असंल का?

विषाने मासे दिवसाही मरतात, लहान-मोठे सगळे. पहाटे तोंड वर काढणं आणि ऊन चढल्यावर पुन्हा खाली जाणं ही प्राणवायू कमी पडल्याची खूण आहे. २० अंशाच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसात. मेमध्ये मुळातच कमी. त्यात गढुळामुळे तळाच्या वनस्पतींना उजेड नाही, त्यामुळे दिवसा प्राणवायू तयार होत नाही आणि रात्रीचा खर्च चालूच. होता तो साठा पहाटे पाचच्या सुमाराला संपतो. अशा वेळी जाळं टाकू नका, म्हशी डुंबायला सोडू नका.

तुरटी फिरवली तर?

घागरीत फिरवतो तशी तलावात? एक हेक्टर पसाऱ्याच्या, मीटरभर खोल तलावात एक कोटी लिटर पाणी असतं. लिटरला ५० मिलिग्रॅम धरली तरी ५०० किलो तुरटी लागेल. तुरटीने पाण्याचा आम्लपणा वाढतो, अती झाली तर कल्ल्यांना मार बसतो. आणि बसणारा गाळ पुन्हा तळावरच, म्हणजे अंड्यांवरच. जिप्सम त्यामानाने सौम्य. चोपण जमिनीत आपण टाकतो तेच, आणि काम करण्याची रीतही तीच: कॅल्शियममुळे विखुरलेले कण एकत्र येतात. पण ते शेततळ्यापुरतं ठीक. उघड्या तलावात मी तरी काही टाकणार नाही.

आपली माती विरघळणारी आहे का हे घरी कळतं का?

कळतं. पेल्यात नितळ पाणी घ्या, हरभऱ्याएवढं ढेकूळ अलगद सोडा आणि हलवू नका. नुसतं ढासळून तळाशी बसलं तर बरं. न हलवता त्याच्याभोवती धुरासारखा ढग पसरला तर ती माती स्वतःहून विखुरते. असल्या मातीचा भराव उघडा ठेवणं म्हणजे उन्हात लोण्याचा गोळा ठेवणं. आमच्या इथल्या तीन ढिगांपैकी एकाने ढग सोडला.

काळ्या रानातून कॅनॉल नेताना बाहेरून मुरूम आणून का टाकतात?

काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, अस्तराचं काँक्रीट उचलून फोडते. म्हणून मध्ये न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देतात. ही पद्धत आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी विकसित केली. योग्यच आहे. फक्त तो मुरूम टाकायच्या आधी महिनोन्महिने उघड्या ढिगात पडून असतो.

विहिरीचं पाणी उतरलंय. तलावाशी संबंध आहे का?

असू शकतो. विहीर उतरायला दहा कारणं असतात, पण हे एक विसरू नका. १९७२च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीत आपल्या जिल्ह्यात पाझर तलाव झाले ते पाणी साठवून ठेवायला नाहीत, जिरवायला. तळातल्या मुरमातून पाणी खाली जातं. त्यावर चिकणाचा थर बसला की पाण्याची वाट बंद होते, कारण चिकणातून पाणी मुरमापेक्षा हजारो पटींनी हळू सरकतं. मग तलाव भरलेला दिसतो, लोक खूश होतात, आणि ते पाणी उन्हाने उडून जातं. यंदा तलाव जास्त दिवस भरलेला राहिला तर पेढे वाटू नका.

तलावातला हा गाळ शेतात टाकू का?

गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेत जो गाळ नेतात तो वर्षानुवर्षं साठलेला, काळा, सुपीक. यंदाचा थर पिवळट-करडा आहे, त्यात चुनखडीचे खडे लागतात. हलक्या माळरानात थोडा चालेल, आधी माती परीक्षण करून. द्राक्षबागेत आणि डाळिंबात अजिबात नको. उन्हाळ्यात तळ कोरडा झाल्यावर मात्र वरचा थर खरवडून काढायलाच हवा, पाझर मोकळा करायला. तोही पट्ट्यापट्ट्याने. एकदम सगळा तळ पोकलेनने ओरबाडला तर उरलीसुरली अंडीही ट्रॉलीत जातील.

पक्षी गेले. परत येतील का?

सगळे गेले नाहीत, नीट बघा. खंड्या गेला, कारण त्याला वरून मासा दिसावा लागतो. पाणवनस्पती खाणारा चांदवाही दिसत नाही. चित्रबलाक मात्र येऊन उभे होते, कारण ते उघडी चोच पाण्यात फिरवतात आणि मासा चोचीला लागला की मिटतात. गढुळाचं त्यांना वावडं नाही. चमच्याचंही तेच. पाणी निवळलं की बाकीचे येतील, हिप्परग्याचा तलाव आणि उजनी त्यांना लांब नाही. बेडकांना पंख नसतात, एवढा फरक.

गाळखड्डा खणला की मिटलं ना?

वाळूपुरतं मिटतं. सेकंदाला १०० लिटर वाहणाऱ्या ओघळासमोर २० मायक्रॉनचा पोयटा बसवायचा तर खड्ड्याचा पसारा निदान पावणेतीन गुंठे हवा. २ मायक्रॉनच्या चिकणासाठी तेच गणित शंभर पटीने जातं: जवळजवळ सात एकर. सात एकराचा गाळखड्डा कोण देणार? म्हणून मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगत असतो, कामावरच्या मुकादमालाही सांगितली. चिकण एकदा सुटला की पकडता येत नाही. तो सुटूच नये हे बघायचं.

मग काम करणाऱ्यांनी नेमकं काय करायचं?

पहिलं, वरच्या शिवाराचं पाणी कामावर येऊच द्यायचं नाही. चढाच्या बाजूने चर काढून ते पक्क्या उतारानं ओढ्याला लावायचं. स्वच्छ पाणी स्वच्छच राहतं.

दुसरं, ओढ्यावरची सीडी वर्कं पावसाळ्याआधी पुरी करायची, नसतील होत तर तेवढा भराव उघडा ठेवायचा आणि ओढ्याला वाट द्यायची. मला विचाराल तर निम्मं नुकसान एवढ्यानं टळलं असतं.

तिसरं, उघडे उतार झाकायचे. आपल्याकडे उसाचं पाचट फडात जाळतात, तेच भरावावर पसरून दगडाने, दोरीने दाबलं तर थेंबाचा मार अडतो. (कडबा सुचवणाऱ्या गृहस्थांनी पेंढीचा भाव बघावा.) पाचटाखाली मारवेल, हरळी, ओघळाच्या तोंडाशी वाळ्याची रांग. ढीग ओढ्यापासून लांब, आणि जेवढं खोदलं तेवढं लगेच पक्कं. चार किलोमीटर एकदम उकरून ठेवायचे नाहीत.

दगडी बांध आणि वाळूच्या पोत्या शेवटी. फोटोत छान दिसतात म्हणून त्याच आधी लावल्या जातात.

तक्रार कुठं करायची?

तोंडी कुठेच नाही. आधी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, म्हणजे आपल्या जुन्या तलाठ्याकडून, पंचनामा. मग कामाच्या शाखा अभियंत्याकडे लेखी अर्ज, त्यात साखळी क्रमांक, म्हणजे कॅनॉलच्या सुरुवातीपासून ती जागा किती अंतरावर आहे तो आकडा, घाला. तो कामावरच्या दगडावर रंगवलेला असतो, नुसतं ‘लिंबाच्या झाडाजवळ’ लिहिलं तर फाइल तिथेच झोपते. तारीख-वेळ दिसणारे फोटो जोडा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. आमचा पहिला अर्ज पोच न घेतल्याने ‘मिळालाच नाही’ झाला, ते शहाणपण फुकट घ्या. ऐकलं नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन आहे, आणि माहिती अधिकारात ३० दिवसांची मुदत आहे. ग्रामपंचायतीत २००२च्या जैवविविधता कायद्याखाली समिती असते, तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत आपला तलाव लिहिलेला आहे का तेही बघा. आमच्यात तलावाचं पान कोरं होतं.

पाणथळ जागांचा कायदा लागत नाही का?

२०१७च्या पाणथळ नियमांतून सिंचनासाठी आणि पिण्यासाठी माणसाने बांधलेले तलाव वगळलेले आहेत. त्यावर फार भिस्त ठेवू नका.

जनावरांना पाजायचं का हे पाणी?

नुसत्या मातीने जनावराला सहसा काही होत नाही. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला तर मात्र नको, ते मशिनरीचं डिझेल-ऑइल असतं. माणसांनी गाळून, उकळून.

कॅनॉलच्या खड्ड्यांत डास झालेत, गप्पी मासे सोडू?

बंद खड्ड्यात सोडा. ओढ्याला किंवा तलावाला जोडलेल्या पाण्यात नको, ते बेडकांच्या पिल्लांनाही सोडत नाहीत. त्यापेक्षा खड्डे बुजवायला सांगा.

मास्तर, तुमचा कॅनॉलला विरोध आहे का?

माझ्या भावाचा ऊस उजनीच्या पाण्यावर आहे, मी कुठून विरोध करू! सोलापूरला पाण्याची कामं नवी नाहीत. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तळं खोदलं अशी आपली श्रद्धा आहे, हिप्परग्याचा एकरूख तलाव १८७१ साली पुरा झाला, उजनी १९८०ला. कॅनॉल हवाच. माती तेवढी त्यांनी त्यांच्याकडे ठेवावी.

शाळेतली पोरं दोरी आणि ताटली घेऊन काय करतात तलावावर?

गढूळपणा मोजतात. १८६५ साली अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने ही युक्ती काढली. २० सेंटिमीटरची ताटली, तिचे चार भाग करून आलटून पालटून काळे-पांढरे रंगवायचे, खाली वजन, वर दोरी, दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ. ताटली सोडत जायची, दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. वेळ दुपारी बाराच्या सुमाराची, सूर्य पाठीशी, दर वेळी त्याच दगडावरून. आमची ताटली पोषण आहारातल्या फुटक्या डब्याचं झाकण आहे. शाळा सुरू झाली तेव्हा ती पहिली गाठ बुडायच्या आतच नाहीशी व्हायची. परवा दुसरी गाठ बुडाली तरी दिसत होती, आणि सातवीतली एक मुलगी तिसऱ्या गाठीवर अडून बसली. पुन्हा सोडली. दुसरीच होती.